ओवाळलेलं मीठ

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून ठेवते. इंदूरच्या मल्हारगंजात कुणालाही विचारा. पोतनिसांची भानुमती दारात उभी दिसली की दूधवाला दुधात पाणी घालताना दोनदा विचार करायचा. पण या गोष्टीत मी दुसऱ्या कुणाला बोलणार नाहीये. बोलायचं झालं तर स्वतःला बोलेन, आणि ते काम मी इतकी वर्षं करतेच आहे.

तेव्हा हा तुमचा मध्यप्रदेश नव्हता, मध्यभारत होतं. होळकरांचं राज्य आणि शिंद्यांचं राज्य, सरकारनं दोघांचं लग्न लावून दिलं. आता नवरी नांदायची कुठे, यावर जुंपली. ग्वाल्हेरवाले म्हणतात आमच्याकडे, आम्ही म्हणतो आमच्याकडे. शेवटी तोड काय निघाली, तर थंडीत राजधानी ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला! फायली, कपाटं, टाइपरायटर, बाबू लोक, सगळी वरात वर्षातून दोनदा इकडून तिकडे. आमचे हे त्या वरातीत होते. सेक्रेटरिएटमध्ये हेड क्लार्क, लक्ष्मीकांत पोतनीस. आता नाव घ्यायला काही हरकत नाही, तरी जीभ अडखळतेच.

माणूस कसा होता ते ऐका, म्हणजे माझं काय हरवलं होतं ते कळेल. आवाज चढवणं ठाऊक नाही. जेवायला बसले की पहिला घास घेऊन ‘वा’ म्हणणार, मग भाजी करपलेली का असेना. मी गल्लीत कुणाशी भांडून घरात आले की चष्मा वर करून शांतपणे विचारायचे, “निकाल काय लागला?” बस. एवढ्यावर माझा राग उतरायचा. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, सासूबाई अधूनमधून बोलायच्या. पण त्या एका माणसाच्या जोरावर मला त्या घरात काही कमी नव्हतं.

त्रेपन्न सालच्या एप्रिलात दफ्तर ग्वाल्हेरहून परत आलं. हे टांग्यातून उतरले आणि मी बघतच राहिले. काळे ठिक्कर! मूळचा गव्हाळ माणूस, पण कपाळ, मान, हाताची बोटं, सगळं जणू धुरात धरलेलं. शर्ट अंगात लोंबत होता. “अगंबाई, हे काय?” तर म्हणाले, “थकलो गं.” सासूबाई म्हणाल्या, ग्वाल्हेरचं ऊन. मी म्हटलं, हो, ग्वाल्हेरचं ऊन. शेजारच्या कुमुदिनीबाईही म्हणाल्या, वहाँ की धूप बड़ी खराब, बाई! थंडीत गेलेला माणूस उन्हानं काळा होतो कसा, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ग्वाल्हेरला नाव ठेवायला मिळालं ना, मग पुढचा विचार कशाला?

आणि इथेच आमची पहिली चूक झाली. दुसऱ्या कुठल्या गावात झाली नसती ती.

महिनाभरानं हे म्हणायला लागले, “दफ्तरात माझ्या माठात ग्वाल्हेरवाले काहीतरी टाकतात.” आता बघा, असं कुणी पुण्यात म्हटलं असतं, तर घरच्यांनी दचकून डॉक्टर गाठला असता. आमच्या घरात काय झालं? माझे दीर गजाननभाऊजी मांडीवर थाप मारून म्हणाले, “मी सांगतो ना दादा, टाकतच असतील! ग्वालियरवाले हैं भिया, उनका क्या भरोसा!” ओट्यावर चार माणसं जमली, चहा झाला, आणि प्रत्येकाला ग्वाल्हेरवाल्यांची काही ना काही लबाडी आठवली. मीसुद्धा दुसऱ्या दिवसापासून घरचं पाणी फिरकीच्या तांब्यात भरून द्यायला लागले. इंदूरच्या माणसानं ग्वाल्हेरवाल्यावर संशय घेतला तर त्याला वेड कोण म्हणणार? त्याला आम्ही हुशारी म्हणायचो.

मग संशय दूधवाल्यावर आला. मग गजाननभाऊजींवर. मग ज्या आईनं जन्म दिला तिच्या हातचा भात हे हुंगून बघायला लागले. जिना चढताना मध्येच पायरीवर बसायचे. सकाळी उलट्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ताकदीची बाटली दिली, ती यांनी मोरीत ओतली. कधी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, कधी एकदम उठून सांगायचे की माळ्यावर माणसं बसून माझी फाइल लिहिताहेत. मी माळ्यावर चढून बघून आले. खरंच सांगते, दोनदा चढले.

आणि मीठ! हे सांगायला मला तेव्हा लाज वाटायची. लोणच्याच्या बरणीतला खार हे वाटीनं प्यायचे. शेवेवर मूठभर मीठ टाकून खायचे. एकदा दुपारी स्वयंपाकघरात आले तर हे मिठाच्या बरणीपाशी उकिडवे बसलेले, बोटं चाटताहेत, लहान मूल साखर चोरतं तसे. मला बघून बरणी छातीशी धरली. मी पाठ फिरवली आणि पदरात तोंड घालून रडले. माझा हेड क्लार्क! ज्याच्या धोतराची निरी कधी इकडची तिकडे झाली नाही, तो माणूस!

आषाढातल्या एका शनिवारी सासूबाईंनी यांची दृष्ट काढली. गंगूबाई पोतनीस म्हणजे या कामात उस्ताद, सगळी गल्ली आपली पोरं त्यांच्याकडे आणायची. यांना पाटावर बसवलं. मुठीत मीठ, मोहरी, मिरच्या घेतल्या, तोंडानं पुटपुटत डोक्यापासून पायांपर्यंत तीनदा ओवाळलं. शेगडी पेटलेलीच होती. मूठ निखाऱ्यांवर टाकणार, तोच यांनी झडप घालून आईचं मनगट धरलं, मूठ उघडली आणि ते ओवाळलेलं मीठ मोहरीमिरच्यांसकट तोंडात घातलं. सगळं. आईचा तळहात चाटून पुसून स्वच्छ केला.

ओवाळलेलं मीठ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात माणसावरची सगळी पीडा उतरलेली असते, ते ओलांडायचंसुद्धा नसतं. आणि इथे माणसानं ते गिळलं! सासूबाई मटकन खाली बसल्या. “हा माझा लक्ष्मीकांत नव्हे,” म्हणाल्या. “हे बाहेरचं आहे. तेच मीठ मागतंय.”

त्यांनी तिथेच पाटाला हात लावून नेम केला. चार दिवसांनी आषाढी एकादशी. तेव्हापासून चातुर्मास संपेपर्यंत घरात कुणी मीठ खायचं नाही, यांनी तर मुळीच नाही. चातुर्मासात मीठ सोडणाऱ्या बायका आमच्याकडे घरोघर होत्या, त्यात नवल नव्हतं. त्या माउलीनं स्वतःही सोडलं, मुलासाठी सोडलं, तिला मी दोष देणार नाही. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी, जी कधी कुणाचं ऐकत नाही ती भानुमती, मान हलवून हो म्हणाले. मिठाची बरणी कपाटात ठेवली, लोणच्याच्या बरण्या ठेवल्या, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. आयुष्यात एकदाच सासूचं मुकाट्यानं ऐकलं, आणि तेव्हाच नेमकं भांडायला हवं होतं.

अकरा दिवस. मी मोजलेत.

अळणी वरण, अळणी भाजी. पहिले दोन दिवस यांनी ताट भिरकावलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हात जोडले. “अहो बाई,” मला म्हणाले, “चिमूटभर मीठ द्या हो. तुमच्या पाया पडतो.”

अहो बाई! मी म्हटलं, “अहो, मी भानू.” तर माझ्याकडे बघितलं. अनोळखी बाईकडे बघावं तसं, सभ्यपणे. म्हणाले, “भानू घरात नाहीये. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण मीठ द्या.” मी किल्ली मुठीत आवळून देवापाशी जाऊन बसले. मनात म्हटलं, हे बोलताहेत ते हे नव्हेत. त्यांना मी परकी वाटत होते आणि मला ते. एका घरात दोघं, आणि एकमेकांना कुणीच ओळखेना.

नवव्या दिवसापासून उठेनासे झाले. हातपाय गार. मध्येच डोळे उघडून विचारायचे, “माझी बायको कुठे ठेवलीय तुम्ही?” गजाननभाऊजी कोर्टात नोकरीला होते, त्यांनी पागलखान्यात भरती करायचा हुकूम आणला. सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. पागलखान्यात गेलेलं माणूस परत आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. माझी सुमनमावशी गेली ती तिथेच संपली. माझा माणूस त्या फाटकातून आत गेला की सगळं खलास, हे मला कळत होतं, आणि हुकमाचा कागद समोर होता.

सकाळी टांगा आला. मी आणि भाऊजींनी यांना धरून बसवलं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, होळकरांच्या समाध्या आहेत तिथे, यांना वांती झाली, टांगेवाल्यानं घोडा थांबवला, मी पदरानं तोंड पुसलं. त्यांनी मला म्हटलं, “तुम्हाला उगाच त्रास.” तेवढ्या आजारातही!

पागलखाना गावाबाहेर होता. आत घ्यायच्या आधी तिथला डॉक्टर तपासायचा. डॉक्टर दौलतराव जगदाळे, बुटका, दाढी वाढलेली, तोंडावर कंटाळा. बापजादे होळकरांच्या रिसाल्यात, हा असा वेड्यांत येऊन बसलेला. कागद वाचला, “कधीपासून?” विचारलं, भाऊजींनी ग्वाल्हेरपासून सगळं सांगितलं. डॉक्टर लिहीत होता, मान खाली. “तोंड उघडा,” म्हणाला, सवयीनं म्हणतात तसं. यांनी उघडलं.

डॉक्टरचं लिहिणं थांबलं.

तो उठला. यांचं तोंड खिडकीकडे वळवलं. ओठ बाजूला करून हिरड्या बघितल्या. मीही वाकून बघितलं. हिरड्यांवर, गालाच्या आतून, शाई सांडावी तसे निळेकाळे डाग! चार महिने मी या माणसाला जेवायला वाढत होते आणि मला ते दिसले नव्हते. मग डॉक्टरनं यांचे तळहात उघडले. रेषा काळ्या. बोटांच्या काळ्या पडलेल्या सांध्यांवर बोट ठेवून म्हणाला, “हे केव्हापासून?” मी म्हटलं, “ग्वाल्हेरचं ऊन.” तो माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, तोंडात ऊन शिरतं का?”

मग दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब मोजला. एकदा मोजला, पुन्हा मोजला, पारा धड वर चढेना. पट्टा सोडता सोडता एकदम हळू आवाजात विचारलं, “हे खायला काय मागतात?”

मी खाली बघितलं. भाऊजींसमोर सांगायची लाज. “मीठ,” म्हटलं.

“मग देता ना?”

मी कमरेची किल्ली काढून त्याच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. दृष्ट, एकादशी, अकरा दिवस. मला वाटलं हा आता ओरडेल. ओरडला नाही. खुर्चीत बसला आणि यांच्याकडे असं बघत राहिला की मला वाटलं हा हात जोडतो की काय. म्हणाला, “या माणसाला वेड लागलेलं नाही. हा मरतोय. आणि कशानं वाचेल ते याच्या अंगाला ठाऊक होतं. सगळे याला वेडा म्हणत होते, तेव्हा अंग एकच शहाणपणाची गोष्ट मागत होतं.”

मग ओरडला, पण नोकरावर. “रसोई से नमक लाओ! दौड़ के!”

पेल्यात पाणी, दोन चमचे मीठ, थोडी साखर. डॉक्टरनं स्वतः ढवळलं आणि पेला माझ्या हातात दिला. “तुम्ही पाजा.” पेला ओठांना लागला आणि यांनी दोन्ही हातांनी माझे हात धरले, डोळे मिटले आणि घटाघट प्यायले. थांबले, श्वास घेतला, म्हणाले, “आणखी.” मी किती रडले ते विचारू नका. अकरा दिवस हा माणूस याच्यासाठी माझ्या पाया पडत होता.

भरतीचा हुकूम डॉक्टरनं भाऊजींच्या हातात परत ठेवला. आपली मोटार काढून यांना शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. दंडात सुई घालून मिठाचं आणि साखरेचं पाणी थेंब थेंब सोडलं. पोटाचा एक्स-रे फोटो काढला तेव्हा दोन्ही कुशींत, गुर्द्यांच्या म्हणजे मूत्रपिंडांच्या वर, खडूचे कण सांडावेत तसे ठिपके दिसले. पाच वर्षांपूर्वी यांच्या छातीत पाणी झालं होतं, तेव्हा क्षय म्हणाले होते. चार महिने पडून राहिले, बरे झाले, आम्ही विसरून गेलो. “तो विसरला नाही,” जगदाळे म्हणाले. आता त्यांना अहोजाहो करते, त्या दिवसापासून करतेय. केसपेपरच्या पाठीवर त्यांनी चित्र काढून दाखवलं: हे गुर्दे, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एवढीशी टोपी, एवढीशीच ग्रंथी. बोटाच्या पेराएवढी. क्षयाचा किडा छातीतून निघून तिथे जाऊन बसला होता आणि दोन्ही टोप्या हळूहळू खाऊन टाकल्या होत्या. त्यातून एक रस निघतो. तो बंद झाला की अंगात मीठ टिकत नाही, रक्ताचा दाब पडतो, कातडी काळी पडते.

“आणि डोकं?” मी विचारलं.

“डोकंही त्याच रसावर चालतं, बाई.”

मी त्या चित्राकडे बघत बसले. माझी मती गुंग झाली. त्या पेराएवढ्या तुकड्यात यांचा ‘वा’ होता? ‘निकाल काय लागला’ हे विचारणं तिथे होतं? मी बायको आहे ही ओळख, आईच्या हातच्या भातावरचा भरवसा, हे सगळं एवढ्याशा टोपीखाली होतं? मला वाटायचं माणूस म्हणजे केवढा मोठा, आत आत्मा, संस्कार, मागल्या जन्मीचं काय काय. आणि इथे दोन दाणे सुकले तर घरदार परकं होतं. भीती वाटली, पण नुसती भीती नव्हती. देवळात गाभारा उघडल्यावर छातीत जे होतं ना, ते झालं. एवढं सगळं एवढ्याशात कुणी ठेवलं, आणि इतकी वर्षं ते बिनबोभाट चालवलं कुणी? तुमच्यात चालतंय, माझ्यात चालतंय, आणि आपल्याला पत्ताच नाही!

मुंबईहून औषध यायला तीन दिवस लागले. तोवर मिठावर आणि त्या थेंबांवर जीव धरून ठेवला. नवीन औषध होतं, कॉर्टिझोन. जगदाळ्यांनीच फोन करून रेल्वेच्या गार्डाबरोबर मागवलं होतं. लहानशी कुपी, आत पांढुरकं, ताकासारखं. सकाळी आठला पहिली सुई टोचली. मी स्टुलावर बसले होते. सासूबाई खाली सतरंजीवर जप करत होत्या. त्यांनीही तोवर नेम मोडला होता. मी त्यांच्या पानात मीठ वाढलं होतं आणि त्यांनी डोळे मिटून ते खाल्लं होतं.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपेतून उठले, छताकडे बघितलं, मग पांघरुणाकडे. पांघरूण एका बाजूला जास्त लोंबत होतं. यांनी हात काढला आणि ते ओढून दोन्ही बाजूंना सारखं केलं. एवढंच केलं. पण मी जागीच उभी राहिले. चार महिन्यांत यांनी काही सारखं केलं नव्हतं. मी सासूबाईंचा खांदा धरून हलवला. “बघा, बघा हो, पांघरूण नीट करताहेत!” त्या माझ्याकडे बघायला लागल्या, की आता हिला वेड लागलं.

संध्याकाळी नर्सनं खिचडी आणली. यांनी एक घास घेतला. सावकाश चावून गिळला आणि म्हणाले, “वा.” सरकारी दवाखान्याची खिचडी ती! सासूबाई हमसून हमसून रडल्या. मी बाहेर व्हरांड्यात पळाले आणि खांबाला टेकून उभी राहिले. तिथे एक म्हातारा मालवी शेतकरी बसला होता, त्यानं विचारलं, “कई हुयो बाई, गुजर ग्या कई?” मी म्हटलं, “नहीं बाबा, आ गए. आ गए.”

जगदाळे रोज यायचे, त्यांचा काही संबंध नसताना. एकदा मी विचारलं, “डॉक्टरसाहेब, तुम्ही रोज एवढे रोगी बघता, मग यांच्या तोंडात बघायचं तुम्हाला सुचलं कसं?” त्यांनी टोपी काढून खाटेच्या कडेला ठेवली. मग म्हणाले, “सुचलं नाही. सवयीनं बघितलं. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी मी आतल्या सगळ्यांना तोंड उघडायला लावलं. दीडशेवर माणसं आहेत. रांगेत उभं केलं, टॉर्च घेऊन एकेकाच्या हिरड्या बघितल्या.”

“मग?”

“एकही निघाला नाही. पण भानुमतीबाई, एक विचार डोक्यातून जात नाही. यातले कितीजण अशाच कशाच्या तरी तहानेनं ओरडत असतील? जे अजून आम्हाला ठाऊक नाही अशा कशाच्या तरी?” टोपी उचलून ते निघून गेले. मला सुमनमावशी आठवली. तिच्या तोंडात कुणी बघितलं असेल का, कोण जाणे.

श्रावण संपता संपता यांना घरी सोडलं. रोज गोळी घ्यायची, जन्मभर, आणि क्षयाच्या सुया वेगळ्या. चेहऱ्यावरचा काळा उतरत होता, तळहाताच्या रेषा मात्र अजून तशाच होत्या. कुमुदिनीबाई भेटायला येऊन गेल्या, गजाननभाऊजी दादाच्या पायावर डोकं ठेवून गेले. हे सगळ्यांशी पहिल्यासारखं बोलले. सगळ्यांना वाटलं, झालं. मला मात्र तसं वाटत नव्हतं. यांना काय काय आठवतंय, ते मला ठाऊक नव्हतं. आठवत नसेल तर सुटले, असं मनात यायचं, आणि तसं आलं की स्वतःचीच शिसारी यायची.

चौथ्या दिवशी दुपारी हे खाटेवर उशीला टेकून बसले होते. घरात आम्ही दोघंच. मी जाऊन समोर बसले. शेवटी सरळ सांगून टाकलं. “किल्ली माझ्याकडे होती. सासूबाईंकडे नाही. कुलूप मी लावलं. तुम्ही हात जोडलेत, आणि मी दिलं नाही.”

“आठवतंय मला,” हे म्हणाले. “सगळं आठवतंय.”

मी मान वर केलीच नाही.

“एक बाई होती,” ते सावकाश सांगायला लागले, मागल्या खेपेचा प्रवास सांगावा तसं. “चेहरा तुझा, साडी तुझी, आवाजसुद्धा तुझा. तिच्याकडे किल्ली होती. मी तिला मीठ मागितलं, पाया पडलो, तिनं दिलं नाही. तेव्हा मला पक्कं कळलं की ही भानू नव्हे. मी मागावं आणि भानूनं चिमूटभर मीठ देऊ नये, हे होणं शक्यच नव्हतं. बाकी सगळ्याचा गोंधळ होता डोक्यात, पण एवढं मला स्वच्छ दिसत होतं. म्हटलं, ही कुणीतरी दुसरी. भानू देवासला माहेरी गेली असेल. येईल.”

माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पुसायचंही सुचलं नाही. त्या काळोखात, सगळे परके झाले तेव्हा, या माणसानं एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली होती, आणि ती चुकीची होती. कुलूप लावणारी मीच होते.

“मग?” मी कसंबसं विचारलं. “मग काय केलंत तुम्ही?”

“काय करणार? वाट बघितली तुझी.”

मी पुढे सरकून त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, “ती मीच होते हो. दुसरी कुणी नव्हती.”

त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझा हात थोपटत म्हणाले, “आलीस ना. असू दे. थोडा उशीर झाला, एवढंच.”